पुसेगावचं दुसरं मशीन

१

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी निघायचो. खांद्याला काळी बॅग, बॅगेत सीड्यांचं पाकीट, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धूळ झाडायला रंगाऱ्याचा जुना ब्रश. हिंगोलीहून जीपनं सेनगाव, मग गोरेगाव, पुसेगाव, असं करत संस्थेच्या सातही शाळा तीन दिवसांत उरकायच्या. प्रत्येक शाळेतल्या मशीनमधली माहिती सीडीवर उतरवायची, वर मार्करनं तारीख घालायची आणि ती सीडी मुख्य कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आणून ठेवायची. कंप्युटर कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ही दुसरी प्रत.

खरं सांगतो, मला हे काम फार आवडायचं. शाळेच्या फाटकात जीप थांबली की प्रज्ञेश सर आले म्हणून कोणीतरी चहाला पळायचं. गोरेगावचे मुख्याध्यापक हिवाळ्यात माझ्यासाठी तुरीच्या शेंगा उकडून ठेवायचे. पोरांच्या रांगेतून मी बॅग घेऊन चाललो की शिक्षकसुद्धा बाजूला व्हायचे. सहा वर्षं हा मान मी भोगला, आणि २००७च्या जानेवारीत रणजीत आला.

रणजीत सेनगावजवळच्या तांड्यावरचा, चोवीस वर्षांचा, औरंगाबादला डिप्लोमा केलेला. बोलायला गोड. त्यानं आमचे सचिव रामप्रसादभाऊ यांना सांगितलं की यापुढं कोणी कुठं जायची गरज नाही. हिंगोलीत एक मोठं मशीन बसवायचं, सर्व्हर. तिथून टेलिफोनच्या तारेतून प्रत्येक शाळेच्या कंप्युटरवर बॅकअपचं छोटं सॉफ्टवेअर पाठवायचं. ते आपोआप बसतं, आणि मग रोज चार वाजता प्रत्येक कंप्युटर आपली माहिती आपणहून हिंगोलीला धाडतो.

भाऊंना हे इतकं पटलं की त्यांनी माझी खिडकीजवळची खुर्ची रणजीतला दिली, कारण तारेची पेटी तिथंच होती. मी दाराजवळ आलो. वर भाऊ म्हणाले की जूनपासून कार्यालयात कंप्युटरला एकच माणूस राहील, दुसऱ्याला एखाद्या शाळेवर लिपिक म्हणून जावं लागेल. कोण ते बघू. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं हे मला कळत होतं. त्या दिवसापासून रणजीतला बघितलं की माझ्या पोटात दुखायला लागायचं. तो मला मान देऊन बोलायचा, त्यानं तर जास्तच दुखायचं.

२

सॉफ्टवेअर पाठवायला आधी यादी लागते. कुठल्या शाळेत किती मशीन, प्रत्येकाचं नाव काय. रणजीतनं ती माझ्याकडं मागितली.

माझ्या वहीत बरोबर यादी होती. तेरा मशीन. पण मी त्याला वही दिली नाही, संस्थेचं डेडस्टॉक रजिस्टर दिलं. ज्यांनी शाळेत किंवा कार्यालयात नोकरी केली आहे त्यांना हे रजिस्टर ठाऊक असतं. टेबल, खुर्ची, घंटा, कपाट, सगळं त्यात चढवलेलं असतं: अनुक्रमांक, वस्तू, नग आणि शेरा. एकदा चढलेली वस्तू मोडली, जळली, हरवली तरी तशी निघत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो, मगच शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून ती कमी करतात. तोवर कागदावर ती शाबूत. आमचे प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून असायचे.

त्या रजिस्टरात मशीन चौदा होती. चौदावं म्हणजे पुसेगावचं दुसरं. दोन पावसाळ्यांपूर्वी शाळेवर वीज पडली तेव्हा ते जळालं होतं. मी स्वतः ते उघडलं होतं. आतली पाटी काळीठिक्कर झालेली होती. हार्ड डिस्क मी काढून आणली आणि कार्यालयाच्या भंगारात टाकली. रिकामा डबा, फुटका मॉनिटर आणि कीबोर्ड तिथंच जुन्या प्रयोगशाळेत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याच जुडग्यात होती.

रणजीतनं विचारलं, सगळी चालू आहेत ना सर? मी म्हणालो, रजिस्टरात आहेत म्हणजे आहेत. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. सगळ्यांसमोर पडद्यावर चालू मशीनचे तेरा हिरवे ठिपके आणि बंद मशीनचा एक लाल दिसेल, भाऊ विचारतील हे काय, आणि या पोराला उत्तर देता येणार नाही, एवढंच मला हवं होतं.

३

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भाऊंनी सातही मुख्याध्यापकांना बोलावलं. रणजीतच्या टेबलाभोवती सगळे उभे. पडद्यावर चौदा नावं, प्रत्येकापुढं करड्या रंगाचा ठिपका. रणजीतनं एक बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. मी मागं उभा राहून मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो, हे कबूल करतो.

सेनगावचे दोन हिरवे झाले. मग गोरेगावचे तीन. एकेक करत वेळ जात होता. पुसेगाव-एक हिरवा झाला. शेवटी पुसेगाव-दोन राहिला, आणि मी भाऊंच्या तोंडाकडं बघायला लागलो.

तोही हिरवा झाला. समोर अक्षरं आली: सॉफ्टवेअर बसवले, मशीन जोडलेले आहे.

टाळ्या पडल्या. भाऊंनी रणजीतच्या पाठीवर हात ठेवला. गोरेगावचे मुख्याध्यापक, माझे तुरीच्या शेंगावाले, मला म्हणाले की सर, तुमची आता दगदग वाचली. मी हसलो. ज्या डब्यात काही नाही त्यात सॉफ्टवेअर बसलं कुठं, हे विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की खोटी यादी मी दिली.

४

घरी जाऊन मी डोकं शांत करून विचार केला. तारेच्या गडबडीत एकाच मशीनची दोन नावं झाली असतील. किंवा पुसेगावच्या कुणी शिक्षकानं घरचा कंप्युटर शाळेत आणून लावला असेल. कारणं पुष्कळ होती आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

मग भारनियमनाचं लक्षात आलं. त्या आठवड्यात पुसेगावला दुपारी बारा ते साडेचार वीज नसायची. मी दाराजवळच्या खुर्चीवरून रणजीतच्या पडद्याकडं बघत राहायचो. बाराला पुसेगाव-एक लाल व्हायचा. पुसेगाव-दोन हिरवाच. आणि चार वाजता, सगळ्या गावाची वीज गेलेली असताना, त्याच्यापुढं आकडा पडायचा: बॅकअप पूर्ण, फाईल एक. दुसऱ्या दिवशी फाईल दोन. तिसऱ्या दिवशी तीन.

मी पुसेगावच्या शाळेत फोन लावला. तिथला शिपाई वसराम, म्हातारा माणूस, माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याला म्हटलं, वसरामकाका, जुनी प्रयोगशाळा कुणी उघडली का? जरा बघून सांगा.

तो बघून आला. फोनवर त्याला दम लागला होता.

"कुलूप हाय तसंच हाय सर. किल्ली तर तुमच्यापाशीच हाय."

"आत काही आवाज?"

"उंदरं असतील," म्हणाला. "मी काही जास्त थांबलो न्हाई."

५

रणजीत जेवायला गेला होता तेव्हा मी माझ्या जुन्या खुर्चीवर बसलो आणि त्या फाईली बाहेर काढल्या. बॅकअपमधली फाईल हिंगोलीतही उघडता येते. शाळेच्या साध्या मराठी टायपात एक पान होतं. वर पुसेगाव, खोली क्रमांक नऊ, म्हणजे तीच जुनी प्रयोगशाळा. खाली रकाने.

टेबल, नग १. खुर्ची, नग १, शेरा: मागचा पाय आखूड. भिंतीवरचं घड्याळ, नग १, शेरा: बंद. पंखा, नग १. काचेच्या नळ्या, नग अकरा. संगणक, नग १.

एवढंच. ती खोली मी पाहिली होती, बरोबर होतं सगळं. खुर्चीचा आखूड पायसुद्धा. मला हायसं वाटलं. कुणीतरी कधीतरी केलेली यादी जुन्या मशीनमध्ये राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हार्ड डिस्क भंगारात असताना ती राहिली कशात, हे विचारायचं मात्र टाळलं.

दुसरी फाईल तशीच. तिसरीही. चौथी, म्हणजे मी फोन केला त्या दिवसाची, तिच्यात खाली एक ओळ जास्त होती.

वसराम, नग १. दाराबाहेर. शेरा: परत गेला.

मी ती फाईल बंद केली. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, ते ऐकत बसलो. थोड्या वेळानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे रणजीतचं काम. त्याला यादीचा डाव कळला होता. त्यानं हिंगोलीत बसून एक खोटं मशीन बनवलं होतं, माझा फोन ऐकला होता आणि आता माझी गंमत करत होता. टाळ्यासुद्धा त्यानंच मिळवल्या आणि वर मला भूत दाखवून हसतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती कुठल्या कुठं गेली.

आज मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, ती भीती जायला नको होती.

६

मार्चमध्ये मी रणजीतला म्हणालो की पुसेगाव-दोन एकदा प्रत्यक्ष बघून ये. जुन्या प्रयोगशाळेत आहे. किल्ली जुडग्यातून काढून त्याच्या हातात दिली. त्याचं तोंड मी नीट बघत होतो. तो चपापेल, हसेल, काहीतरी सबब सांगेल असं वाटलं होतं.

त्यानं किल्ली खिशात टाकली. "बरं झालं सर, तुमी सांगितलं," म्हणाला. "मला बी ते मशीन कळून न्हाई राहिलं. रोज काहीतरी धाडून राहिलं."

म्हणजे त्यानं केलं नव्हतं. हे मला त्याच क्षणी कळलं. जीप सुटायला अजून अर्धा तास होता. नको जाऊ म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण खिडकीजवळ त्याची रिकामी खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्याचा रुमाल होता, आणि मी काही बोललो नाही.

दुपारभर मी त्याच खुर्चीवर बसलो. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चार वाजता फाईल आली. टेबल, खुर्ची, घड्याळ, पंखा, नळ्या, संगणक. त्याखाली अनुक्रमांक सात.

रणजीत, नग १. खोलीत. शेरा:

पुढं काही नव्हतं. मी पुन्हा उघडून बघितली. पाच वाजता बघितली, सहाला बघितली. शेऱ्याचा रकाना कोराच होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला रणजीत आला. मला इतका आनंद झाला की मी उठून त्याच्यासाठी चहा सांगितला. त्यानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"काय होतं रे तिथं?"

"काही न्हाई सर. बंद मशीन हाय."

आणि तो कामाला बसला. चहा तसाच राहिला, वर साय धरली. आधी तो दिवसातून तीनदा चहा प्यायचा आणि टायपिंग करताना लग्नातली गाणी गुणगुणायचा. आता गाणं बंद. जेवणाच्या सुट्टीत उठत नव्हता. कामात चूक म्हणून नाही. भाऊ येताजाता म्हणायचे, बघा, काम असं करतात. मलाच ऐकवायचे.

एकदा हिंगोलीतच दुपारी वीज गेली. सगळे पडदे काळे झाले, पंखे थांबले, लोक व्हरांड्यात वाऱ्याला गेले. रणजीत तिथंच. बंद पडद्यासमोर ताठ बसून त्याची बोटं कीबोर्डवर चाललेली, त्याच वेगानं. मी जवळ गेलो. त्यानं वर बघितलं नाही. त्याच्या मानेवर, एवढ्या उकाड्यात, घामाचा थेंब नव्हता.

रोज चार वाजता मी दाराजवळून त्या पडद्याकडं मान लांब करून बघायचो. रोज तेच. अनुक्रमांक सात, रणजीत, नग १, शेरा कोरा.

कुणाला सांगायचं? भाऊंनी मला वेड्यात काढलं असतं, किंवा जळतोय म्हटलं असतं. दुसरं खरं होतं. मेच्या दहा तारखेला आदेश निघाला. रणजीत मुख्य कार्यालयात नेमला गेला आणि मी जूनपासून गोरेगावच्या शाळेवर लिपिक. खुर्चीवर जे काही बसलं होतं, त्याच्यापुढंही मी हरलो होतो. आदेशाचा कागद हातात घेऊन मला त्याचाही हेवा वाटला, काय सांगू.

८

त्याच आठवड्यात रणजीतची आई आली. जमनाबाई. कार्यालयात शिरली नाही, फाटकाबाहेर लिंबाखाली मला बोलावून घेतलं. डोक्यावरून पदर, हातात फडक्याचं गाठोडं. रणजीत आत खिडकीतून दिसत होता. तिनं तिकडं बघितलं नाही.

"सर, पुसेगावला त्याला तुमीच धाडलं होतं ना?"

मी हो म्हणालो.

"तवापासून घरी येतं. बस म्हनलं की बसतं, झोप म्हनलं की झोपतं. डोळे उघडेच ठेवून झोपतं. पर माझं लेकरू न्हाई ते." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "कुनाला सांगू? बापाला सांगितलं तर मलाच बोलला. मला ती जागा दाखवा. माझं पोरगं तिथं राहिलं असंल."

त्या बाईनं जे दोन महिन्यांत ओळखलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी मान खाली गेली. किल्ली घेतली आणि तिला घेऊन जीपमध्ये बसलो. रस्ताभर मी मनाशी ठरवत होतो की दार उघडायचं, पुढचं पुढं. नोकरी गेली तरी चालेल. त्या वेळी मी हे मनापासून ठरवलं होतं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारचा एक वाजलेला, गावात वीज नाही. जमनाबाईला मी फाटकापाशी थांबवलं, म्हटलं आधी मी बघून येतो. व्हरांड्याच्या टोकाला नऊ नंबरची खोली. खिडकीला पत्रा ठोकलेला. जवळ गेलो तसा आवाज आला. उंदीर नव्हते. कीबोर्ड वाजत होता. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड फरशीवर आला होता.

मी किल्ली कुलपात घातली आणि अर्धी फिरवली. आवाज थांबला.

"कोन हाय? प्रज्ञेश सर?"

रणजीत होता. तोच गोड आवाज, थोडा बसलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, हो रे, मीच आहे, थांब, उघडतो.

"उघडा सर. लई दिवस झाले का?" दार आतून हललं, त्यानं फळीला हात लावला असावा. "मोजून मोजून थकलो. एक सांगा सर. मी हितं हाय, मग तिकडं माझ्या खुर्चीवर कोन बसून राहिलं?"

माझ्या खुर्चीवर.

त्यानं आईचं विचारलं असतं, पाणी मागितलं असतं, रडला असता, तर मी दार उघडलं असतं. मी शपथेवर सांगतो. पण दोन महिने त्या अंधारात राहून या पोराला आठवलं काय, तर खुर्ची. आणि ती त्याची. सहा वर्षं मी जीपनं धूळ खाल्ली, ती खुर्ची माझी होती, आणि महिन्याभरात ती त्याची झाली. हिंगोलीत एक रणजीत बसलेला होताच. आता हा दुसरा बाहेर काढू? एकानं माझी ही गत केली होती.

माझा हात कुलपावर किती वेळ होता मला सांगता येणार नाही. मग मी किल्ली उलटी फिरवली आणि काढून घेतली.

"सर?" आतून आवाज आला. "प्रज्ञेश सर?"

मी पाय न वाजवता व्हरांडा ओलांडला. मागं कीबोर्ड पुन्हा सुरू झाला, सावकाश, एकेक अक्षर.

जमनाबाई फाटकाच्या सावलीत उभी होती. माझ्या मागं कुणी येतंय का ते तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"होता का?"

"नाही," मी म्हणालो. "खोली रिकामी आहे."

तिनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि खाली बसली. रडली नाही. जीपला अजून वेळ होता. थोड्या वेळानं तिनं गाठोडं सोडलं. ज्वारीच्या दोन भाकरी, तव्यावरचा ठेचा, वांग्याची भाजी, एक कांदा. माझ्यापुढं सरकवलं.

"त्याच्यासाठी आनलं होतं. तुमी खा सर. सकाळपासून माझ्यासंगं उपाशी राहिलात, माझ्या पोरासाठी एवढं आलात."

मला भूक लागली होती. ती पदरानं माश्या वारत बसली आणि मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.